रिफंड आला म्हणजे कमाई झाली का?

एसटीत कंडक्टरला पाचशेची नोट दिली, तिकीट एकशे सत्तरचं निघालं आणि त्याच्याकडे सुट्टे नसले, की तो तिकिटाच्या मागे ३३० लिहितो आणि म्हणतो, "उतरताना घ्या." स्टँड आल्यावर ते ३३० हातात पडले की जिवाला बरं वाटतं. पण "आज मी ३३० रुपये कमावले" असं घरी जाऊन कोणी सांगत नाही. प्राप्तिकराचा रिफंड हे तिकिटामागे लिहिलेले पैसे आहेत. प्रवासाची किंमत एकशे सत्तरच होती. वरचे आपलेच होते, काही काळ दुसऱ्याच्या पिशवीत राहिले, एवढंच.

हे सगळ्यांना कळतं, तरी रिफंडाचा मेसेज आला की आनंद कमाई झाल्यासारखाच होतो. यात थोडा हात आपल्या भाषेचाही असावा. मराठीत म्युच्युअल फंडाने बारा टक्के दिले तरी 'परतावा' आणि प्राप्तिकर खात्याने जादा घेतलेला कर परत केला तरी 'परतावा'. पहिल्यात पैशाने पैसा आणलेला असतो. दुसऱ्यात आपलाच रुपया फिरून घरी येतो. घोटाळा नको म्हणून या लेखात मी दुसऱ्याला रिफंडच म्हणणार आहे, लोकही तसंच म्हणतात.

दरवर्षी जून-जुलैत नात्यातल्या आणि शेजारच्या आठ-दहा जणांची प्राप्तिकराची विवरणपत्रं, म्हणजे रिटर्न, मी भरून देते. शेवटचं पान आलं की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो, "रिफंड किती?" कर किती लागला, हे मला आजवर क्वचितच कोणी विचारलं असेल. माझ्या मते सगळी गडबड इथेच होते. आपल्या खिशातून कायमचा जातो तो कर. रिफंड फक्त एवढंच सांगतो, की तो कर भरताना आपण किती जास्त पुढे केलं होतं.

भाच्याचे ३१,२०० रुपये

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. कंपनी छोटी आहे, वीसपेक्षा कमी माणसांची, त्यामुळे पीएफ कापला जात नाही. २०२४-२५ मध्ये त्याचा वर्षाचा पगार १० लाख होता. ऑफिसातल्या जुन्या लोकांनी सांगितलं म्हणून त्याने एप्रिलमध्ये "जुनी करप्रणाली" अशी टिक केली. (कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. कुठली हवी ते आपण निवडायचं.) वडिलांनी सांगितलं म्हणून पीपीएफमध्ये दीड लाख भरले. पण ते भरल्याचं कंपनीला ना सुरुवातीला कळवलं, ना जानेवारीत पावती दिली.

कंपनीने काय केलं? तिच्यापुढे जेवढे कागद होते तेवढ्यावर हिशेब केला. १० लाखांतून ५० हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्येक पगारदाराला मिळणारी ठरावीक सूट, गेली, राहिले साडेनऊ लाख. जुन्या प्रणालीत त्यावर उपकरासह (करावर लागणारा चार टक्के कर) कर होतो १,०६,६००. तो बारा महिन्यांत वाटून पगारातून कापला. (हिशेब सोपा राहावा म्हणून आपल्याकडचा अडीच हजारांचा व्यवसाय कर मी बाजूला ठेवला आहे.)

विवरण भरायला बसलो तेव्हा पीपीएफचे दीड लाख वजा केले. उत्पन्न ८ लाखांवर आलं, कर ७५,४०० झाला, रिफंड दिसला ३१,२००. भाच्याचा चेहरा खुलला. "मावशी, मस्तच झालं ना?"

मी तेच आकडे नव्या प्रणालीत घालून दाखवले. तिथे पीपीएफची वजावट नाही, पण प्रमाणित वजावट ७५ हजार आणि दर कमी. उत्पन्न ९,२५,०००, कर ४४,२००. नोकरदाराला व्यवसायाचं उत्पन्न नसेल, तर कंपनीला काहीही सांगितलेलं असलं तरी मुदतीत विवरण भरताना प्रणाली बदलता येते. आम्ही बदलली. रिफंड झाला ६२,४००.

आता बघा. ३१,२०० च्या रिफंडावर तो इतका खूश होता, की ७५,४०० कर योग्य आहे का, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. योग्य कर त्याहून ३१,२०० ने कमी होता. मी नसते तर तो आनंदाने तेवढे पैसे सोडून उठला असता. आणि ६२,४०० आले म्हणून दुप्पट आनंद करण्यातही अर्थ नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये त्याने कंपनीला नवी प्रणाली कळवली असती, तर कर तेवढाच, ४४,२००, लागला असता आणि दर महिन्याला सरासरी ५,२०० रुपये जास्त हातात आले असते. त्या वर्षी त्याने भाड्याच्या खोलीची अनामत भरायला मित्राकडून पैसे उसने घेतले होते. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. स्वतःचे पैसे सरकारजमा होते आणि हा दुसऱ्याकडे हात पसरत होता.

नवी प्रणाली प्रत्येकाला स्वस्त पडते असं नाही. मुंबईत मोठं भाडं भरणारा, घरकर्जावर दोन लाख व्याज देणारा, आईवडिलांचा आरोग्य विमा काढलेला माणूस जुन्या प्रणालीत फायद्यात असू शकतो. दोन्ही आकडे काढून बघायचे. खात्याच्या संकेतस्थळावर त्यासाठी गणनयंत्र आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

जादा कापलं जातं तरी कसं

कर वर्ष संपल्यावर ठरतो, पण सरकारला पैसे वर्षभर लागतात. म्हणून जो पैसे देतो त्यालाच कापून घ्यायला सांगितलेलं आहे. हाच टीडीएस. कापणाऱ्याला आपलं पूर्ण घर दिसत नाही, फक्त त्याची एक खिडकी दिसते. कंपनीला पगार दिसतो, बँकेला व्याज. बँकेला तुमचं बाकीचं उत्पन्न शून्य आहे की पन्नास लाख, याच्याशी कर्तव्य नाही. २०२५-२६ पासून वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं (ज्येष्ठ नागरिकांना १ लाखाच्या वर) की ती १० टक्के कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के.

यात आता टीसीएसही आला आहे. हा विकणारा गोळा करतो. १० लाखांहून महाग गाडी घेतली तर विक्रेता किमतीवर १ टक्का घेतो. बारा लाखांच्या गाडीवर १२ हजार. गाडी घेणाऱ्या बहुतेकांना हा गाडीच्या किमतीचाच भाग वाटतो. तो आपला आगाऊ भरलेला कर आहे आणि विवरणात दाखवला तर पूर्ण वळता होतो. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदारांसाठी १२-बीएए नावाचा फॉर्म आला. त्यात बँकेने कापलेला टीडीएस, गाडीवरचा टीसीएस कंपनीला कळवता येतो, मग कंपनी पगारातून तेवढं कमी कापते. एचआरला हे विचारणारी माणसं मला अजून फार दिसलेली नाहीत. जरूर विचारा.

एकूण देशाचा आकडा बघितला तर ही रक्कम लहान नाही. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष करांपोटी सुमारे २७ लाख कोटी रुपये जमा झाले आणि सुमारे पावणेपाच लाख कोटींचे रिफंड दिले गेले. यात कंपन्यांचेही रिफंड आले. तरी जमा झालेल्या दर सहा रुपयांमागे साधारण एक रुपया परत गेला.

पैसे अडकले, त्याची किंमत किती?

"अहो, सरकार व्याजही देतं की!" हे मला हमखास ऐकवलं जातं. देतं. दर महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा टक्के, सरळव्याजाने. पण खरी गोम व्याज कधीपासून मोजतात यात आहे. टीडीएस वर्षभर कापला जातो. मोजणी मात्र ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून सुरू होते. तीही विवरण मुदतीत भरलं तर. उशीर केला तर विवरण भरल्याच्या तारखेपासून.

भाच्याचंच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२४ च्या पगारातले जादा ५,२०० त्याला ऑगस्ट २०२५ च्या मध्याला मिळाले. साडेपंधरा महिने झाले. मार्च २०२५ चे ५,२०० साडेचार महिन्यांनी मिळाले. सरासरी काढली तर त्याचा प्रत्येक रुपया दहा महिने अडकला. व्याज मिळालं एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांचं, अडीच टक्के, म्हणजे १,५६० रुपये. हेच हप्ते त्याने साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले असते तर तेवढ्याच काळात सुमारे ३,३८० मिळाले असते. फरक १,८२० रुपयांचा. दोन्ही व्याजांवर कर लागतो, त्यामुळे त्यात फरक नाही. (रिफंडावरचं व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं असतं. ते बहुतेक जण विसरतात आणि मग एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या आपल्या व्यवहारांच्या यादीत, ते दिसतं म्हणून नोटीस येते.)

अठराशे रुपये गेले म्हणून आभाळ कोसळत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. 'रिफंड घेणारा मूर्ख' असं बोलणारे सल्लागार मला पटत नाहीत. पण किंमत प्रत्येकाला सारखी नसते. ज्याच्या डोक्यावर साडेआठ टक्क्यांचं घरकर्ज आहे, त्याने तेच पैसे दरमहा मुदलात भरले असते तर दहा महिन्यांत साधारण ४,४०० वाचले असते. आणि जो क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ओढतो आहे, त्याचं काय? ६२,४०० वर दहा महिन्यांचं तसलं व्याज साध्या हिशेबानेसुद्धा २१,८४० होतं. त्या माणसाला मोठा रिफंड येणं ही सरळ हानी आहे.

आणखी एक नियम कमी जणांना ठाऊक असतो. रिफंडाची रक्कम त्या वर्षाच्या ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज अजिबात मिळत नाही. एक लाख कर आणि नऊ हजार रिफंड असेल तर नऊ हजारच येतील.

मग टीडीएस कमीत कमी कापून घ्यायचा आणि शेवटी भरायचा, असं करावं का? नाही. तराजू दुसऱ्या बाजूला जास्त झुकलेला आहे. आपण कमी भरलं तर सरकार महिन्याला एक टक्का घेतं, आपल्याला मिळतो त्याच्या दुप्पट. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त उरणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हप्ता चुकला की त्याचं व्याज वेगळं, आणि वर्षअखेर नव्वद टक्क्यांहून कमी भरलं असेल तर १ एप्रिलपासून पुढचं वेगळं. यात सर्वांत जास्त अडकतात ते मोठ्या ठेवी असलेले वरच्या दराचे नोकरदार. चार लाख व्याजावर बँक ४० हजार कापते, माणूस समजतो कर भरून झाला. तीस टक्क्यांच्या दराने उपकरासह कर होतो १,२४,८००. उरलेले ८४,८०० व्याजासकट जुलैत अंगावर येतात. ज्येष्ठ नागरिकांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कराची सक्ती नाही, एवढी सवलत आहे.

म्हणून माझं मत असं: शेवटचा आकडा शून्याच्या जवळ असावा, आणि चूक व्हायचीच तर दोन-चार हजारांची आपल्याला येणं या बाजूने व्हावी. त्यात झोप शांत लागते. दरवर्षी तीस-चाळीस हजार येत असतील तर एप्रिलमध्ये कुठेतरी काही सांगायचं राहून जातं आहे.

"पण एकरकमी येतात ना!"

या म्हणण्याला मी हसत नाही. माझ्या शेजारी एक बाई आहेत, शाळेत शिक्षिका. त्या मला म्हणाल्या, "महिन्याचे तीन हजार जास्त आले तर ते कुठे गेले हे मला कळणारही नाही. गणपतीच्या आधी छत्तीस हजार आले की त्यातून मुलाची फी जाते." यात शहाणपण आहे. घरात पैसा कसा वाहून जातो हे घर चालवणाऱ्यालाच कळतं. आपल्या आया-आज्यांनी भिशी लावली ती याचसाठी. व्याजासाठी कोणी लावत नव्हतं, हातात राहू नये आणि एकदम मिळावं म्हणून लावत होत्या.

फक्त भिशीत एक सोय असते. घरात अडचण आली तर "या महिन्याची मला द्या" असं म्हणता येतं आणि बायका देतातही. सरकारी तिजोरीकडे तसं मागता येत नाही. घरात कोणी आजारी पडलं तरी विवरण भरेपर्यंत आणि ते तपासून होईपर्यंत तो पैसा आपल्याला बघायलाही मिळत नाही. शिवाय कधी येईल याची तारीख आपल्या हातात नाही. काम पूर्वीपेक्षा खूप झपाट्याने होतं हे खरंच आहे, २०१३ मध्ये रिफंडाला सरासरी ९३ दिवस लागत, २०२४ मध्ये १७ वर आले. पण सरासरी ही सरासरी असते. तुमचं विवरण पडताळणीसाठी बाजूला काढलं गेलं तर फी भरायची तारीख निघून जाते. त्या बाईंना मी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप वळती होणारी आवर्ती ठेव सुचवली. त्यांनी लावली. छत्तीस हजार गणपतीच्या आधीच मिळतात आणि मध्येच गरज पडली तर मोडताही येतात.

ज्यांच्या हातात निवड नसते

आतापर्यंत बोललो ते नोकरदारांबद्दल. त्यांना निदान कंपनीला कळवता येतं. स्वतंत्र काम करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

समजा एक इंटिरियर डिझायनर आहे, नुकताच धंदा सुरू केलेला. वर्षभरात कंपन्यांकडून १० लाखांची बिलं मिळाली. प्रत्येक बिलातून १० टक्के कापले गेले, एकूण एक लाख. त्याने अनुमानित उत्पन्नाची तरतूद घेतली, म्हणजे निम्मी रक्कम नफा धरली. उत्पन्न ५ लाख. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे ज्याला एक रुपयाही कर लागत नाही, त्याचे एक लाख रुपये वर्षभर अडकले. त्याच्यासाठी ते एक लाख म्हणजे सुताराची मजुरी, प्लायवूडवाल्याचा ॲडव्हान्स. रिफंड मोठा आला म्हणून त्याचं अभिनंदन करणाऱ्यांनी त्याला मधल्या दहा महिन्यांत पैसे कसे उभे केले हे विचारावं.

यावर इलाज आहे. टीडीएस कमी किंवा शून्य दराने कापावा असं प्रमाणपत्र प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून ऑनलाइन अर्ज करून घेता येतं. आजवर त्याला फॉर्म १३ म्हणत आलो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण मी इथे लोकांच्या तोंडी बसलेली जुनी नावंच वापरते आहे. मागच्या वर्षांची विवरणं नीट भरलेली असतील तर या अर्जाला घाबरण्यासारखं काही नाही.

हाच अर्ज परदेशातल्या आपल्या माणसांना तर लाखांनी वाचवतो. पुण्यातला फ्लॅट अनिवासी माणसाने विकला तर घेणारा पूर्ण विक्रीकिमतीवर टीडीएस कापतो, कारण नफा किती झाला हे त्याला माहीत नसतं. ६० लाखांना घेतलेला आणि बरीच वर्षं ठेवलेला फ्लॅट ९० लाखांना विकला असं धरू. कर लागतो तो ३० लाखांच्या नफ्यावर, साडेबारा टक्के आणि उपकर मिळून ३ लाख ९० हजार. कापला जातो तो ९० लाखांवर, अधिभार (मोठ्या रकमेवर लागणारा जादा कर) आणि उपकर धरून १४.३ टक्के, म्हणजे १२ लाख ८७ हजार. जवळजवळ नऊ लाख रुपये रिफंड होऊन यायची वाट बघत बसायचं, तेही इथल्या बँक खात्यात, सातासमुद्रापलीकडून. व्यवहार करण्याच्या आधी प्रमाणपत्र काढलं तर यातलं बहुतेक सगळं टळतं. नोंदणी झाल्यावर मला फोन येतो तेव्हा मी काही करू शकत नाही.

"जास्त रिफंड काढून देतो"

हे वाक्य ऐकलं की तिथून उठावं. हा मुद्दा मी कळकळीने लिहिते आहे, कारण यात भरडली जातात ती साधी नोकरदार माणसं.

पद्धत अशी असते. कोणीतरी ऑफिसात किंवा कॉलनीत येतो, कमिशन रिफंडाच्या टक्क्यांत ठरवतो आणि विवरणात खोट्या वजावटी घालतो. न दिलेलं घरभाडं, कधीच न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, नसलेला आजार. रिफंड येतो, कमिशन घेऊन तो निघून जातो. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी अशा खोट्या दाव्यांची तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असं खात्याने त्या वेळी सांगितलं.

विवरण कोणी भरलं याला कायद्यात महत्त्व नाही, पॅन तुमचा म्हणजे जबाबदारी तुमची. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड होऊ शकतो, कर आणि व्याज वेगळं. पन्नास हजारांच्या खोट्या रिफंडापोटी दीड लाखाच्या वर जातं. असं काही आधी झालं असेल तर अद्ययावत विवरण भरून दुरुस्त करता येतं. त्यासाठी आता चार वर्षांची मुदत आहे, वर जादा कर भरावा लागतो. लवकर केलं तर तो कमी असतो.

"तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे दाबा" असे मेसेज येतात तेही याच जातीचे. खातं कधीही लिंक पाठवून कार्डाचा नंबर, पिन किंवा ओटीपी मागत नाही. स्वतः संकेतस्थळावर जाऊन बघायचं.

रिफंड खरा असून अडकला असेल तर कारण बहुधा साधं निघतं. विवरण भरलं पण ३० दिवसांत ई-पडताळणी केली नाही. बँकांच्या विलीनीकरणात खात्याचा आयएफएससी बदलला आणि संकेतस्थळावर जुनाच राहिला. पॅन आधारशी जोडलेलं नाही. किंवा जुन्या कुठल्या वर्षाची बाकी दिसते आहे आणि त्यात हा रिफंड वळता करायचा आहे. अशा वेळी आधी सूचना येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. बाकी चुकीची असेल तर या २१ दिवसांतच हरकत नोंदवायची, गप्प बसलं की ती मान्य केल्यासारखं होतं.

उतरताना न मागितलेले पैसे

सुरुवातीच्या एसटीतले काही प्रवासी पैसे न घेताच उतरून जातात. त्यात माझी आत्या होती.

आत्या एकाहत्तर वर्षांची. यजमान गेल्यावर आलेले पैसे तिने एकाच बँकेत ठेवले, वर्षाला साधारण १ लाख ८० हजार व्याज येतं, त्यावर घर चालतं. दुसरं उत्पन्न नाही. तिला कर लागतच नाही. पूर्वी ती दर एप्रिलमध्ये बँकेत जाऊन १५-एच देत असे. माझं करपात्र उत्पन्न नाही, कर कापू नका, असं सांगणारा हा ज्येष्ठांचा फॉर्म. साठच्या खालच्यांसाठी १५-जी होता. हा फॉर्म एकाच वर्षापुरता चालतो आणि प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. २०२२ मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या एप्रिलमध्ये जाणं झालं नाही, आणि मग ते मोडलंच. बँकेने १८ हजार कापले. पुढच्या वर्षी पुन्हा १८ हजार. "मला कर नाही तर रिटर्न कशाला भरायचं?" हे तिचं म्हणणं, आणि बऱ्याच ज्येष्ठांचं असंच असतं. पण कापलेला पैसा विवरण भरल्याशिवाय परत येत नाही. मागितलं नाही तर कोणी आणून देत नाही.

मी तिचा २६-एएस, म्हणजे तिच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडला तेव्हा दोन वर्षांचे ३६ हजार तिथे तसेच दिसत होते. तिला महिन्याला पंधरा हजारांत घर चालवावं लागतं. दोन महिन्यांचं घर होतं ते.

उशिराचं विवरण साधारण ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, ती तारीख केव्हाच उलटली होती. तरी दार पूर्ण बंद होत नाही. विलंब माफ करावा असा अर्ज संकेतस्थळावरूनच करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करायचा. म्हणजे २०२२-२३ मध्ये कापलेल्या पैशांसाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. उशीर का झाला ते खरं कारण लिहायचं आणि पुरावा जोडायचा. अशा रिफंडावर व्याज मिळत नाही, मुद्दल मिळतं. आत्याच्या अर्जाला आम्ही हॉस्पिटलच्या डिस्चार्जचे कागद जोडले. आणि १५-एच द्यायला आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर बँकेत जाते, पोच घेते, आणि ती पोच ती पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवते.